हरण्याची निवृत्ती

मी पवनीला आमच्या घरी तांदूळ निवडत बसले होते आणि आसगावहून मनोहर भाऊजींचा फोन आला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. एरवी फोनवर आधी सगळ्यांची विचारपूस करणारा माणूस, त्या दुपारी एकदम म्हणाले, "वहिनी, हरण्या गेला जी." आणि पुढे म्हणाले, "तरास नाही झाला त्याले. उन्हात धानाच्या तणसावर झोपला होता... मी चहा पिऊन आलो तं उठलाच नाही." फोन ठेवला. डोळे भरून आले होते, पण आत कुठेतरी मोकळंही वाटत होतं. हरण्याची, म्हणजे त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची, किडनी निकामी होत चालली होती आणि शेवटी इंजेक्शन देऊन त्याला झोपवायचा निर्णय भाऊजींनाच घ्यावा लागेल, ही धास्ती आम्हा सगळ्यांना होती. हरण्यानं ती वेळ त्यांच्यावर आणली नाही.

हरण्या कारवान जातीचा. मूळ पश्चिम महाराष्ट्राकडचा हा शिकारी कुत्रा. उंच, सडपातळ, पाय खरोखर हरणाचे. सरमिसळ होऊन त्याचं जुनं वाण कमी होत चाललं, म्हणून तिकडच्या काही मंडळींनी ते जपायचं काम हाती घेतलं आहे. सगळी कुत्री एकाच ठिकाणी ठेवली आणि रोग आला तर सगळंच संपायचं, म्हणून ते काही चांगले नर आणि माद्या लांबलांबच्या घरी सांभाळायला देतात. त्यांच्या डॉक्टर मॅडमनी हरण्याला आसगावला आणलं तेव्हा तो ऐन जवानीत होता आणि गाव मात्र त्याच्याकडे दयेनं बघत होतं. शेजारची म्हातारी तर भातच घेऊन आली. "कारे मनोहर, कुत्र्याले जेवाले देत नाहीस का? बरगड्या दिसून रायल्या त्याच्या." भाऊजी समजावून थकले. पुढे कितीतरी दिवस तिचा भात खाऊनही तो तसाच बारीक राहिला, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

तो फारसा लाडात येणारा नव्हता. परका हात अंगाला लागला की बाजूला सरकायचा. भाऊजींच्या मागे मात्र धानाच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं, दिवसभर हिंडायचा आणि रात्री छपरीत त्यांच्याच बाजेवर पायथ्याकडे झोपायचा. लांबून लोक त्याच्यासाठी मादी घेऊन येत, आणि पिल्लं झाली की मॅडमचा फोन येई. छाती, पाय, स्वभाव, सगळं बापावर गेलंय म्हणून त्या सांगत आणि भाऊजींचा चेहरा असा होई की जणू घरात नातवंड आलंय. वय झालं तसं मॅडमनी त्याचं काम थांबवलं. त्या दिवशी अंगणात त्याचा चक्क सत्कार केला. शाल, नारळ, झेंडूचा हार. हरण्यानं हारातली दोन फुलं खाल्ली, भेटायला आणलेल्या स्वतःच्या मुलावर गुरगुरला आणि शालीवरच झोपला. भाऊजींना बोलायला सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "चांगला कुत्रा आहे जी..."

पुढच्या वर्षी त्या मंडळींच्या तिकडच्या केंद्रात कुत्र्यांमध्ये साथ आली. हरण्याचे तिथले सगळे मुलगे गेले. मॅडम आसगावला आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, की काय मागायला आल्यात. "फक्त एकदाच, मनोहरभाऊ," त्या म्हणाल्या. "नाहीतर याचा वंश इथेच थांबेल." भाऊजींनी बराच वेळ हरण्याच्या मानेवरून हात फिरवला. मग खाली बघतच म्हणाले, "मॅडम, तुमीच शाल-नारळ दिला ना त्याले. आता पुन्हा ड्युटीवर नका बलावू. दम लागते त्याले चालतानी." मॅडमनी स्टेथोस्कोप लावून हरण्याची छाती ऐकली, नळ्या कानातून काढल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. याच्याच्यानं आता होणार नाही." त्या रागावून गेल्या नाहीत, पण त्या गेल्यावर भाऊजी जेवले नाहीत. आपल्यामुळं एक अख्खं वाण बुडालं तर, हा विचार त्यांचा पिच्छा सोडेना.

आता आशा होती ती बपेऱ्याला एका कुटुंबाकडे असलेल्या हरण्याच्या मुलीवर. तिला दुसऱ्या घराण्यातला नर दाखवला होता, पण आधी दोनदा ती रिकामीच राहिली होती. मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. पिल्लं झाली होती, सगळी जिवंत, त्यात नरही होते. भाऊजी त्याच दिवशी बपेऱ्याला गेले. परत येताना पवनीला उतरले, माझ्याकडे पोटभर जेवले आणि म्हणाले, "एक पिल्लू बाजूले सरकते वहिनी, हात लावला का. त्याच्यावानीच." मग बराच वेळ नुसते हसत राहिले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत हरण्या गेला. मला वाटतं, घरात कुणाच्या मनावर ओझं उरलेलं नाही, असं बघूनच गेला.

मागच्या आठवड्यात आसगावला गेले होते. छपरीतल्या बाजेवर बसायला गेले, तर भाऊजी म्हणाले, "तिथं नका बसू वहिनी, खड्डा पडला आहे." पायथ्याकडची दोरी सैल होऊन खोल झोळ पडला होता. लांबट, एका कुशीवर झोपणाऱ्या अंगाचा. "कसून का नाही घेत?" मी विचारलं.

"घेऊ ना," ते म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला आत गेले. "घाई कायची आहे..."