वसंतने राखलेले शब्द

वसंतच्या बायकोचा, शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या बाजारात सुकी मासळी घेत होतो. "गुरुजी, हे गेले हो..." एवढंच त्या बोलू शकल्या. त्याला दीड महिना झाला. वसंत सायवनच्या शेतकऱ्याचा मुलगा. डहाणू रोडला छोटा कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते तो असताना बोलून दाखवले नाहीत, म्हणून आता लिहितोय.

मी शाळेत शिकवत होतो तेव्हा सुट्टीत पाड्यापाड्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांकडून वारली बोलीतले शब्द गोळा करायचो. गवतांची, माशांची, दुखण्यांची नावं. बारा वर्षांचं ते काम वसंतच्या क्लासमध्ये बसून फ्लॉपीवर उतरवलं आणि अतिशहाणपणाने वह्या रद्दीत घातल्या! पावसाळा संपल्यावर बघतो तर फ्लॉपीला बुरशी. मशीन ती वाचेना. शब्द सांगणारी निम्मी माणसं तोवर गेली होती. मी तिथेच बाकावर डोकं धरून बसलो.

वसंत चक्क हसला. माझं डोकंच फिरलं. "चला, घोलवडला जाऊ," म्हणत त्याने स्कूटर काढली. तिथे त्याच्या बहिणीकडे, तांदळाच्या डब्यात, माझ्या फ्लॉपीची त्याने उतरवून ठेवलेली दुसरी प्रत कोरडी ठणठणीत होती.

"मला न विचारता?"

"आमची आई भाताचं बियाणं एका घरात ठेवतच नाय. थोडं मामाकडे असतंच. घराला आग लागली तर पेरायचं काय?"

पुढे फ्लॉप्या गेल्या, सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. दरवर्षी पेरणीआधी हा गडी सगळं नव्याने उतरवून घ्यायचा. "जुनं बी रुजत नाय, गुरुजी." मी त्याची भरपूर थट्टा केली. आज त्या थट्टेची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच्या बहिणीने एक हार्डडिस्क पाठवली, माझं नाव लिहिलेली. माझे शब्द सगळे जागच्या जागी. तारीख पाहिली... तो दवाखान्यात भरती झाला त्याच्या आदल्या दिवसाची. धाप लागत असताना हा माणूस माझं काम उरकत बसला होता. सोबत एक फाइल मी कधीच न पाहिलेली, 'आईचे शब्द'. चाळीसेक शब्द, अर्थांसकट. शेवटच्या शब्दापुढे अर्थ नाही. तिथे लिहिलंय, "आईला विचारायचंय."

म्हातारी सायवनला असते. रविवारी जातोय, विचारायला.