पेटीला ऊन लागू नये म्हणून

पॉलिहाऊसचं दार सरकवलं की बाई आधी कंट्रोलच्या पेटीवर दोन बोटं टकटक वाजवायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणते गा?" पेटी आकडा दाखवायची. मग त्या रोपाच्या बुडाशी बोट खुपसून ओल बघायच्या. दोघांचं जमलं तर मान हलवायच्या, नाही जमलं तर मला फोन. तोही भल्या सकाळी, मी चंद्रपूरला चहाचा पहिला घोट घेत असताना.

अशा पेट्या बसवणं हे माझं काम. पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावात बायकांच्या बचत गटाला पॉलिहाऊस मिळालं. काकडी लावली आणि किल्ली बाईंकडे आली. पन्नाशी उलटलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली, मोहफुलं वेचण्यात आणि धानाच्या चिखलात आयुष्य काढलेली बाई. मी मनात म्हटलं, झालं कल्याण! पण आठवड्याभरात तापमान, ओलावा, ठिबकच्या वेळा त्यांनी नुसत्या आकड्यांच्या आकारावरून पाठ केल्या. चार वेळा सांगून विसरणारे शिकलेले लोक मी पाहिलेत. तुम्हीही पाहिले असतील.

त्यांच्यात नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. बाईंनी पहिल्या दोन काकड्या तोडल्या, एक देवापुढे ठेवली, दुसरी पेटीवर. मी हसलो तर मलाच दटावलं, "तेबी राबलं ना आपल्यासंग."

मग मे महिना आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आत तापलं की पेटी आपणहून पंखे आणि पाण्याचे फवारे सुरू करते, पण एका दुपारी ते सुरूच झाले नाहीत. बायका जेवायला घरी गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर अर्धे वेल माना टाकून पडलेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांबरोबर मी तिथे पोहोचलो. पेटीतली नोंद काढली, तर भर दुपारी आतलं तापमान चक्क पावसाळ्यातल्यासारखं! साहेब माझ्याकडे बघायला लागले. आधीच्या महिन्यात माझ्याविरुद्ध एक तक्रार गेली होती आणि पुन्हा एक आली की घरी बसायचं, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मी साहेबांना बाजूला घेतलं आणि कानाशी लागलो, की या बायका नाही तिथे हात लावतात. मला काहीही ठाऊक नव्हतं. नुसती माझी कातडी वाचवत होतो.

तेवढ्यात बाई उठल्या. डोक्यावरचा दुपट्टा काढला, पाण्यात बुडवला आणि तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती नीट गुंडाळला. खाली डबा ठेवून एक टोक पाण्यात सोडलं, म्हणजे कापड वाळायला नको. आम्ही सगळे बघत राहिलो. आकडा उतरत गेला आणि गरगरणारे पंखे थांबले.

"काल असाच बांधला होता मी," त्या म्हणाल्या. "एवढं ऊन, म्हटलं त्यालेबी लागन. सांजले घरी जाताना सोडून डोक्यावर घेतला. या पोराची काई चूक नाई."

आपल्याकडे उन्हात निघालेल्या माणसाच्या डोक्याला ओलं फडकं बांधतात. पेटीला आपलं मानल्यावर बाई तरी दुसरं काय करणार?

माझी नोकरी राहिली. गटानं मात्र बाईंकडून एका हंगामासाठी किल्ली काढून घेतली. त्या रुसल्या नाहीत. दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायच्या, आणि संध्याकाळी येऊन नव्या किल्लीवालीला शिकवायच्या. पुढच्या हंगामात गटानं आपणहून किल्ली परत दिली. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत बाईंच्या हातून एकही वेल वाया गेला नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी त्या गेल्या. त्याआधी महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. मी भेटायला गेलो आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. म्हटलं, बाई, त्या दिवशी मी तुमच्यावर ढकलून देत होतो.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "साहेबाच्या कानाशी लागला होता तू. म्हणूनच घाईनं उठली मी."

मी विचारलं, घाई कशाची?

"तुया तोंडून माहं नाव निघालं असतं, तर तुले मंग या गावात यायची लाज वाटली असती, बापू. आमाले शिकवाले कोण आलं असतं?"

मी त्यांच्या खाटेशी बसून लहान मुलासारखा रडलो.

त्या गावात मी अजून जातो, आणि मान वर करून जातो. बाई मात्र तिथे नाहीत.