साडेपाचची बस

आमच्या कंपनीने एकदा एकोप्याचा क्लास लावला होता. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीत कुणी ना कुणी माणसांना 'टीम' व्हायला शिकवत होतं. मी एका छोट्या टीमची लीड होते. अस्सल पुण्यातली, त्यात जिभेला हाड नाही. असले क्लास माझ्या डोक्यात जायचे.

शिकवणारे गृहस्थ म्हणाले, डोळे मिटा आणि खुशाल मागे पडा, सहकारी झेलतील. सगळे खिदळत पडले. आमची नागपूरवाली मात्र पडेचना. डोळे मिटायची, लगेच उघडायची, मान वळवून मागे बघायची. शेवटी म्हणाली, "नाही होत जी माझ्याच्यानं."

तिला पडायचं धैर्य कुठून येणार? परदेशातल्या ग्राहकाचा फोन रोज साडेपाचला यायचा आणि कंपनीची येरवड्याकडची बसही साडेपाचलाच सुटायची. त्या ग्राहकाच्या तक्रारींची उत्तरं एकट्या तिला ठाऊक, म्हणून फोन तिच्या गळ्यात. बाकीचे बॅगा उचलून पळायचे, बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. तिचा नवरा नोकरीसाठी नागपुरातच, आणि लहानगी मुलगी येरवड्याच्या पाळणाघरात. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, पुढच्या महिन्यापासून सातनंतर मूल ठेवणार नाही. "मॅडम, मी नोकरी सोडून देते," ती त्याच सकाळी मला म्हणाली होती. "पोरगी दाराकडे पाहत बसून राहते जी."

क्लास संपला, बसची वेळ झाली, आणि मघाचे झेलणारे हात मुकाट्याने बॅगांकडे वळले. माझं टाळकंच सटकलं.

"थांबा!" मी ओरडले. "दिवसभर एकमेकांना झेलताय ना? मग हिचा फोन कोण झेलणार? हिची पोर पाळणाघराच्या दारात बसते रोज! ही नोकरी सोडायला निघालीय!"

आधी बोलले ते आमच्यातले सगळ्यांत खवचट गृहस्थ. 'या खुर्चीवर बसू नये' अशी पाटी स्वतःच्या टेबलावर लावणारे.

"अहो, हे आधी सांगायचंत," ते तिला म्हणाले. "आम्ही कॉम्प्युटरवाले आहोत, ज्योतिषी नाही." आणि त्यांनी बॅग खाली ठेवली. "शिकवा मला. घरी लवकर जाऊन तरी मी बातम्याच बघतो."

मग रोज डबा खाताना शिकवणी सुरू झाली. हळूहळू बाकीचेही खुर्च्या ओढून बसायला लागले. तिच्या ठेच्याने खवचट गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "हे जेवण आहे की शिक्षा?" म्हणायचे आणि पुन्हा वाटी पुढे करायचे. मला फार बरं वाटायचं ते बघून.

महिना संपत आला तसं मी तिला म्हटलं, आज तू बसने जा. ती गेली. फोन वाजला. खवचट गृहस्थांनी घेतला, बाकीचे भोवती गोळा झाले. ग्राहक चिडलेला होता. तेवढ्यात दार उघडलं आणि ही धापा टाकत आत!

"बस फाटकाशीच अडकून राहिली ट्रॅफिकमध्ये," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचं अडलं असेल."

अगं बाई, हद्द झाली! मी काही बोलणार तोच खवचट गृहस्थांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि फोनवर बोलत राहिले. ती दाराशी उभी राहून ऐकत होती. ग्राहकाने आपली सगळ्यांत नेहमीची तक्रार काढली. त्यांनी शांतपणे एकेक पायरी सांगितली, मध्येच एक राहिली तर शेजारच्याने कागदावर लिहून पुढे सरकवली.

"बरोबर सांगून राहिले," ती हळूच म्हणाली.

खवचट गृहस्थांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "आमचं नाही, बसचं अडलंय. जा आता."

मी तिचा दंड धरला आणि जिन्यावरून पळवतच खाली नेलं. वाहतूक नेमकी सुटत होती. मी सरळ बसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "ओ मॅडम, मरायचंय का?" ड्रायव्हर खेकसला. "आधी दार उघडा, मग बघू!" मी म्हटलं.

ती चढली. बस मुंगीच्या पावलांनी माझ्यासमोरून पुढे गेली. मला वाटलं, ही आता मान वळवून वर आमच्या खिडकीकडे बघणार. पण ती काचेला डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती.