दाराची फट

सुलभाने दाराच्या फटीला डोळा लावला. चटईवर उपेंद्र भिंतीकडे तोंड करून पडला होता. श्वास संथ, एका लयीत. जरा जास्तच एका लयीत. झोपलेला माणूस घोरतो, कूस बदलतो, माशी हाकलतो. हा नुसता श्वास घेत होता.

चीनच्या लढाईनंतर कारखान्यात रात्रपाळ्या वाढल्या आणि साताऱ्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलेला तिचा नवरा पत्रा कापायच्या यंत्रावर उभा राहिला. हलसूरच्या दोन खोल्यांत दिवसा झोपायचं म्हणजे छोट्या लेकीचा, नयनाचा खोकला, नळावरची भांडणं, उन्हाने तापलेलं छप्पर. तरी त्याने निभावलं होतं. मग शेजारच्या यंत्रावरच्या गुंडोला डुलकी लागली आणि त्याची बोटं गेली. ते सांगताना उपेंद्रने आपला उजवा हात डाव्याने गच्च धरून ठेवला होता. तेव्हापासून घरात फोडणी नाही, भांडं वाजणं नाही. सुलभा चवड्यांवर चालायची आणि पुन्हा पुन्हा फटीशी जायची.

"झोपले का गं यजमान?" शेजारच्या अहल्याक्का पेले घेऊन आत आल्या. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच.

"हळू, अक्का!"

"हळूच की. स्वल्प काफी आणलीय."

"ठेवा. त्यांना उठवून देते. दुपारी एक पेला, निघताना एक. रात्री डोळा लागायला नको."

"अय्यो! उठवून काफी पाजतेस, वर झोपा म्हणून दटावतेस? त्या जीवाने ऐकायचं तरी काय?"

सुलभाला हसू आलं नाही. धुवायला काढलेला सदरा तिने पुढे केला. उजवी बाही मनगटापाशी कापली गेली होती, तेलाने माखलेली.

"खिळ्यात अडकली म्हणाले."

अक्कांनी कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ होती, कात्रीने कापावी तशी.

सुलभाने दार ढकललं. "अहो, जागे आहात ना?"

श्वासाची लय तुटली.

"तुझी पावलं ऐकली की मी डोळे मिटतो," उपेंद्र भिंतीशीच बोलला. "म्हटलं, निदान तुला तरी बरं वाटेल."

"आणि ही बाही?"

"क्षणभर डोळा लागला, सुलभा. हात मागे कसा आला, मलाच ठाऊक नाही."

"मग आज जाऊ नका."

"अजून कायम कुठे झालोय? एक खाडा झाला तर काढतील. बस आली की उठव. शपथ घे."

तिने घेतली.

"सरी, ठीक आहे," उंबऱ्यातून अक्का म्हणाल्या. "पोरीला मी नेते, काफीसुद्धा नेते. तू पण आडवी हो. तू उभी असलीस की दारसुद्धा जागं राहतं."

सुलभा त्याच्या बाजूला टेकली. झोपायचं नव्हतं तिला. तो दोनदा दचकला, दोनदा तिने त्याचा हात धरला.

भोंग्याने ती ताडकन उठली. खोलीत अंधारून आलेलं. कोपऱ्यावर कारखान्याची बस! उपेंद्र घोरत होता. तोंड उघडं, ओठाशी लाळ, अगदी बेढब. त्याचा उजवा हात चटईवर उताणा पडलेला, पाचही बोटं सैल.

तिने त्याच्या खांद्याकडे हात नेला. भोंगा पुन्हा वाजला. हात तिथेच थांबला. दुसऱ्या क्षणी ती पदर सावरत अनवाणी गल्लीतून धावत सुटली.

"इवत्तु बरल्ला," ड्रायव्हरला ती धापा टाकत म्हणाली. "आज येणार नाही" एवढं कन्नड तिला यायचं.

"याके?" त्याने कारण विचारलं.

"हुषार इल्ला." बरं नाही.

ड्रायव्हरने मान हलवली. बस गेली. नोकरीही तिच्याबरोबर गेली की काय?

ती परतली, दाराशी आली. फटीकडे वाकता वाकता थांबली आणि पायरीवर बसली. आतून घोरणं येत होतं. ते थांबलं की तिला सांगावं लागणार होतं. छातीशी गुडघे घेऊन ती ते ऐकत राहिली.