पाटावरची जाळी

'टाकी रिकामी होती' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, स्पिरिट काढून घेतलं म्हणजे टाकी रिकामी होत नाही. आत वाफ कोंडलेली असते, आणि तीच पेटते.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरजवळच्या एका डिस्टिलरीत फिटर होतो. माझे दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, तिथंच पंपावर होते. तिथं स्पिरिटच्या दोन टाक्या होत्या, वरून एका पाइपनं जोडलेल्या. पाइपात पितळेची बारीक जाळी. एकीत जाळ झाला तर दुसरीत जाऊ नये म्हणून.

खंडेनवमीला आमच्याकडं मशिनं पुजतात. पितळेचं असेल ते काढायचं, चिंचेनं लख्ख घासायचं, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचं. त्या वर्षी हौसेच्या भरात कुणीतरी ती जाळीही काढली. आम्ही सगळ्यांनी तिला भक्तिभावानं हात जोडले. बाई, तुझी जागा पाटावर नाही, हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

दोन्ही टाक्या त्या दिवशी उपसलेल्या होत्या. पूजा पहिलीपुढं मांडली. टाकी धुवायची म्हणून तिचं झाकण उघडंच होतं. दाजींना धुरानं खोकला यायचा. "तुमचं चालू द्या, मी तिकडं बसतो की," म्हणत ते लांब, दुसऱ्या बंद टाकीच्या सावलीला गेले. मिस्त्रीनं आरतीचा कापूर पेटवला.

भपकन जाळ उठला आणि उघड्या झाकणातून वर गेला. आमचे हात भाजले, केस जळाले. वाटलं, सुटलो. तेवढ्यात दुसरी टाकी फुटली, पहिलीच्या कितीतरी पट जोरात. दाजी जागेवरच गेले.

तपासाला आलेल्या साहेबांनी समजावलं. पहिलीतल्या भडक्यानं वाफ पाइपातून पुढं रेटली, बंद टाकीत दाबून भरली, आणि मागनं जाळ पोचला. दाबलेली वाफ पेटली की असाच दणका बसतो. मला कळलं, पण आजही पचत नाही. आगीपाशी तर आम्ही उभे होतो.

हे सगळं मीच अक्काला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे ह्यांनी खोकत का हुईना, तुमच्यातच उभं ऱ्हायला पायजे हुतं?"

"व्हय," मी म्हणालो.