बॅटरीला घातलेलं विहिरीचं पाणी

त्या वर्षांत गास गावात दुपारची लाइट गेली की तीन-तीन तास यायची नाही. मी सातिवलीच्या एका गाळ्यात रात्रपाळीला प्रेस मशीन चालवायचो आणि दिवसा वाडीतल्या भाड्याच्या खोलीत झोपायचो. झोप म्हणजे काय, पंखा थांबला की डोळे अर्धे उघडायचे. बाहेर केळीची पानं हलत असायची, आणि आपण परभणीकडच्या आपल्या घरात आहोत की आणखी कुठे, हे कळायला वेळ लागायचा. मग भिंतीपलीकडे, घरमालकांच्या पडवीत, इन्व्हर्टरची घूं सुरू व्हायची. तेव्हा कळायचं, इथेच आहोत.

इन्व्हर्टर घेतला होता आजोबांसाठी. घरमालकांचे वडील ते, दम्याचे. दुपारी त्यांना वाफेचं मशीन लावावं लागे, आणि नेमकी तेव्हाच लाइट नसे. दादा-वहिनी, म्हणजे घरमालक नवरा-बायको, दोघंही नोकरीला. घरात आजोबा, आणि शेजारच्या खोलीत मी. म्हणून दादांनी मला बॅटरी दाखवली: सहा बुचं, प्रत्येकात एक लाल दांडी, दांडी खाली गेली की पाणी घालायचं. पाण्याचा एक कॅनही दिला. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाच्या हाती कुणी आपल्या बापाचा श्वास सोपवावा, याची मला भीती वाटे, आणि ऊर भरूनही येई. दिवसातून दोनदा मी दांड्या बघायचो.

कॅन संपला. दादा घरी यायचे तेव्हा मी पाळीला निघालेलो असायचो, आणि खरं म्हणजे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. वाडीत विहीर होती. आमच्या गावाकडे पाणी टँकरचं, मचूळ. या विहिरीचं पहिल्यांदा प्यालो तेव्हा तोंडाचा तांब्या खाली ठेववला नव्हता. याहून चांगलं पाणी कुठलं असणार? धुतलेल्या पंच्याची दुहेरी घडी करून, आई प्यायचं पाणी गाळायची तसं गाळून, मी ते बॅटरीत घातलं. उन्हाळाभर घालत राहिलो.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली, मशीन इन्व्हर्टरवर सुरू झालं, आणि थोड्याच वेळात इन्व्हर्टर टूं टूं करून गप्प झाला. वाफ विरली. आजोबांच्या गळ्याखालचा खळगा आत आत जायला लागला. मी त्यांना धरून विहिरीच्या कठड्यापाशी सावलीत आणलं, वहिनींनी अडीअडचणीला ठेवलेला दम्याचा पंप दोनदा तोंडात मारला आणि सुपाने वारा घालत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. खाली पाण्यात आभाळ हलत होतं. हळूहळू खळगा भरला.

"परभनी," आजोबा म्हणाले. ते मला असंच हाक मारायचे. "सूप ठेव आता. मी काय तांदूळ हाय?"

संध्याकाळी बॅटरीवाला आला. बुचं उघडून त्याने विचारलं, पाणी कुठलं घालता. सगळे पडवीतच होते. माझी बॅग मी मनात भरून ठेवली होती.

"विहिरीचं," मी म्हणालो. "गाळून घातलं होतं."

तो हसला. म्हणाला, क्षार बसलेत, बॅटरी गेली. दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत आजोबा खाटेवर उठून बसले.

"का? काय वाईट हाय आमच्या विहिरीत?"

बॅटरीवाला समजावू लागला की प्यायला उत्तमच, पण बॅटरीला ज्यात काहीच नसतं असं पाणी लागतं.

"ज्यात कायच नाय ते पानी कसलं?" आजोबा म्हणाले. "माझ्या बापानं खनलीय ती. चव तरी घेतलीस का?"

वहिनींना तांब्या आणायला लावला. बॅटरीवाला प्याला, गोड आहे म्हणाला. म्हणावंच लागलं बिचाऱ्याला. दादांना हसू फुटलं, आणि माझा विषय तिथेच कुठे तरी राहून गेला. आजोबांनी मला वाचवलं की विहिरीची अब्रू, ते मी कधी विचारलं नाही.

त्या रात्री मशीनवर हात चालत होते, पण डोक्यात एकच, उद्या खोली सोडा म्हणतील. दुसऱ्या दुपारी दार उघडलं तर उंबऱ्याशी दोन भरलेले कॅन. दोन्हींवर दादांनी जाड अक्षरात लिहिलेलं: बॅटरी. शेजारी विहिरीच्या पाण्याचा झाकलेला तांब्या.

लाइट गेली. भिंतीपलीकडे नव्या बॅटरीवर घूं सुरू झाली, आणि मशीनची घरघर.

"परभनी, पानी बघितलंस?"

बघितलं म्हणालो, आणि तरी पुन्हा बघायला उठलो.