पांढऱ्या चादरीतला फोटो

सिंगापूरला जायचं ठरलं. बायकोने बॅगा भरायला घेतल्या आणि दीड वर्षाच्या मुलीचा व्हिसासाठी फोटो काढून आणायचं काम माझ्याकडे आलं. मागे पांढरं हवं, तोंड मिटलेलं हवं, हसू अजिबात नको. मुलुंड स्टेशनजवळच्या म्हाताऱ्या फोटोवाल्याने मला स्टुलावर बसवलं, माझ्यावर पांढरी चादर टाकली आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं.

“साहेब, हलू नका. तुम्ही आता भिंत आहात.”

घरी फारसं निराळं नसतं, त्यामुळे मला जमलं. पण चादर जरा हलली की मुलगी खिदळायची.

“जन्मभर पोरांना हसवायला खुळखुळे वाजवले,” तो पुटपुटला. “आता या व्हिसावाल्यांना न हसणारं पोर पाहिजे.” मग त्याने हळूच विचारलं, “बाळा, पप्पा कुठे गेले गं?”

मांडीवरचं खिदळणं एकदम थांबलं. फोटो निघाला. ती रडायच्या आत त्याने लगबगीने येऊन चादर ओढली. “हे काय, इथेच आहेत ना.”

व्हिसा मिळाला. अधिकाऱ्याला त्या फोटोत नियमात बसणारा चेहरा दिसला असावा. मला ती मला शोधताना दिसते.